हेडर थांबवा, पोरीचा फुटबॉल नाही

पत्र असं आहे (थोडं कापलंय, भाषा त्यांचीच ठेवलीय):

"ताई नमस्कार. मी सोलापूरला विडी घरकुलात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात लूमवर कामाला आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठीत चुकलं तर समजून घ्या. माझी मुलगी १२ वर्षांची आहे, सातवीत. शाळेच्या फुटबॉल टीममधे स्टॉपर खेळती, म्हणजे मागे बचावाला मधली डिफेंडर. तिचं हेडर, म्हणजे बॉल डोक्याने मारणं, लई भारी आहे, सगळे म्हणतात. ते मीच शिकवलं. ती ९ वर्षांची असताना दारासमोर दोरीला बॉल टांगला आणि रोज ३० हेड मारायचे असं ठरवून दिलं, ती अजून मारती. ग्राउंडवर सर कॉर्नर मारतात, कोपऱ्यातून उंच बॉल, त्याचे हेड वेगळे. आता मोबाईलवर बघितलं की हेडर मारून मेंदू खराब होतो, म्हातारपणी विसरायला होतं. तेव्हापासून झोप नाही. मीच पोरीचं नुकसान केलं का? खेळ बंद करू का? डोक्याला लावायचा पट्टा ऑनलाईन मिळतो तो घेऊ का? सर म्हणतात हेड नाही मारलं तर स्टॉपर कसली. परवा कॉर्नरला दुसऱ्या पोरीच्या डोक्याला डोकं लागलं, जरा गरगरलं तिला, रात्री एकदा उलटी झाली, आता बरी आहे, थोडं डोकं दुखायलंय. पुढच्या आठवड्यात मॅच आहे."

दादा, तुमचं पत्र हातात आलं आणि शेवटच्या तीन ओळी वाचून मी सदराबिदराची वाट न बघता आधी तुम्हाला फोन लावला, ते तुम्हाला माहितीच आहे. तुम्ही त्याच दिवशी शिफ्ट सोडून तिला सिव्हिलला नेलंत, डॉक्टरांनी तपासलं, मेंदूला हादरा बसलाय म्हणजे कन्कशन झालंय, आराम द्या आणि मॅच खेळवू नका असं सांगितलं. हे फार बरं केलंत. तरी सगळं परत इथे लिहितेय, कारण तुमच्यासारखे कितीतरी आईबाप असतील ज्यांनी हेडरची बातमी वाचून झोप घालवलीय, आणि डोक्याला डोकं आपटल्याची गोष्ट मात्र "जरा गरगरलं" म्हणून सोडून दिलीय.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच धरायला पाहिजेत. एक म्हणजे एकाच दणक्यात बसणारा हादरा. फुटबॉलमधे हा बहुतेक वेळा बॉलने बसत नाही, हवेतल्या बॉलसाठी दोघी उडी मारतात आणि डोक्याला डोकं, तोंडाला कोपर लागतं, नाहीतर खाली पडताना डोकं जमिनीवर आपटतं, आणि आपल्याकडची काळी माती वाळली की दगडासारखी होते हे तुम्हाला मी सांगायला नको. दुसरी म्हणजे रोजचे साधे हेडर, ज्याने त्या क्षणी काहीच होत नाही पण वर्षानुवर्षं साठत जातं असा संशय आहे. पहिलीला आज घाई आहे, दुसरीला विचार करायला आपल्याकडे वेळ आहे.

आधी पहिली. डोक्याला मार लागल्यावर पोर गांगरलं, गरगरलं, तोच तोच प्रश्न विचारायला लागलं, उजेड नको म्हणालं, मळमळलं, नुसतंच गप्प गप्प झालं, यातलं काहीही एक दिसलं तरी त्या दिवशी त्याचा खेळ संपला. दहा मिनिटं बसून बरं वाटलं म्हणून परत आत पाठवायचं नाही. बेशुद्ध झालं नाही म्हणजे काही झालं नाही, हा समज डोक्यातून काढून टाका, कारण बहुतेक कन्कशनमधे माणूस बेशुद्ध पडतच नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी कन्कशन असू शकतं, स्कॅन बघतो तो आत रक्तस्राव झालाय का, हाड मोडलंय का, ते. आणि परत परत उलट्या, डोकेदुखी वाढत जाणं, उठवूनही नीट न उठणं, झटके, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, एक बाहुली मोठी एक लहान दिसणं, कानानाकातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना रिक्षा करून कॅज्युअल्टीला जायचं. मानही दुखत असेल तर तिला जागेवरून हलवू नका, मदत येईपर्यंत डोकं-मान स्थिर धरून ठेवा.

हे मी इतकं कळकळीने का सांगतेय तर माझ्यावर बेतलंय. मी कबड्डी खेळायचे, नववीत असताना पकड करताना माझं डोकं समोरच्या पोरीच्या गुडघ्यावर आपटलं, आमच्या सरांनी तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला आणि परत आत पाठवलं. ती मॅच आम्ही जिंकलो म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. पुढचे तीन आठवडे पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची, वर्गात ट्यूबलाईट सहन व्हायची नाही, आणि घरी सगळ्यांना वाटायचं अभ्यास नको म्हणून नाटक करतीय. सर वाईट नव्हते, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पण पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते, हे क्वचित होतं पण होतं ते जास्त करून कोवळ्या वयातच आणि जिवावर बेततं. त्या दिवशी मी वाचले असं मी आता म्हणते.

तुमच्या लेकीचं आता काय. पहिले एक-दोन दिवस घरात हलकी हालचाल चालेल, मोबाईल टीव्ही कमी, झोप भरपूर. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायची गरज नाही, तो जुना सल्ला आता मागे पडलाय. आधी शाळा, मग खेळ, हा क्रम. शाळेत पूर्ण दिवस बसून डोकं दुखत नाही असं झालं की चालणं, मग हलकं पळणं, मग बॉल पायाशी, मग प्रॅक्टिस, आणि प्रत्येक पायरीला किमान एक दिवस थांबायचं, त्रास परत आला तर एक पायरी मागे. ब्रिटनमधे २०२३ साली हौशी पातळीवरच्या खेळांसाठी सरकारी सूचना निघाल्या, त्यात मॅचमधे परत उतरायला लवकरात लवकर २१ दिवस सांगितलेत, तेही शेवटचे १४ दिवस काही त्रास नसेल तरच. म्हणून पुढच्या आठवड्यातली मॅच नाही. ती रडेल, रडू दे, तुम्ही बधू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, ज्याने तुमची झोप गेलीय.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. ताकात लोण्याचा गोळा तरंगतो ना, तसा पाण्यात तरंगत असतो. भांड्याला बाहेरून झटका दिला की गोळा आत हलतो, पिळवटतो. मेंदूत लांब लांब तंतू असतात, एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणारे, आणि झटक्याने ताणले जातात ते हे. तुम्ही लूमवर काम करता, ताण्याला एकदम हिसका बसला तर काय होतं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, फरक इतकाच की तिथे तुटलेला धागा तुम्ही गाठ मारून चालू करता आणि इथे गाठ मारणारं कुणी नसतं.

इंग्लंडमधे जेफ ॲस्टल नावाचा स्ट्रायकर होता, हेडरसाठी प्रसिद्ध, वेस्ट ब्रॉमविचकडून खेळायचा, १९६८ च्या एफए कपच्या फायनलमधला एकमेव गोल त्याचा. तो २००२ साली ५९ व्या वर्षी गेला. शेवटी शेवटी आपण फुटबॉल खेळायचो हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं असं त्याच्या घरचे सांगतात. मृत्यूची चौकशी झाली तेव्हा कोरोनरने, म्हणजे चौकशी अधिकाऱ्याने, कारण लिहिलं, धंद्यामुळे झालेला आजार. गिरणीत कापसाच्या धुळीने छाती जाते तसं, याचं डोकं बॉलने गेलं. पुढे २०१४ मधे त्याचा जपून ठेवलेला मेंदू ग्लासगोच्या डॉक्टर विली स्टुअर्ट यांनी परत तपासला आणि त्यात सीटीई सापडला, म्हणजे बॉक्सर लोकांच्यात दिसायचा तो आजार, वारंवार मार बसून होणारा. त्याच्या मुलीने कित्येक वर्षं हा प्रश्न लावून धरला, विसरू दिला नाही.

मग याच स्टुअर्ट यांच्या टीमने स्कॉटलंडमधल्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची नोंद काढली आणि त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या २३,००० साध्या लोकांशी ताडून बघितली. २०१९ ला ते छापून आलं. डिमेन्शिया, पार्किन्सन अशा मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरणारे खेळाडूंमधे १.७ टक्के, बाकीच्यांमधे ०.५ टक्के, वयाबियाचा हिशेब धरून साधारण साडेतीन पट. २०२१ मधे त्यांनी कोण कुठल्या जागेवर खेळायचं त्याप्रमाणे बघितलं तर गोलकीपरचा धोका साध्या लोकांपेक्षा ठामपणे वेगळा दिसला नाही, आणि डिफेंडरचा मात्र जवळजवळ पाच पट. सगळ्यात जास्त हेडर कोण मारतं, तर डिफेंडर. म्हणून सगळ्यांचं बोट हेडरकडे जातं.

पण दादा, इथे थांबून दोन गोष्टी बघा. ही सगळी माणसं १९७७ च्या आधी जन्मलेली, पुरुष, पोटापाण्यासाठी वर्षानुवर्षं खेळलेली, आणि त्यांच्यातसुद्धा शंभरातले दोनही या आजाराने गेले नाहीत. आणि त्याच अभ्यासात सत्तरीपर्यंत खेळाडूंमधे मृत्यूचं प्रमाण साध्या लोकांपेक्षा कमी होतं, हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने जाणारेही कमी. खेळाने त्यांचं शरीर राखलं होतं. म्हणून खेळ बंद करू का याला माझं उत्तर नाही असं आहे, अजिबात नाही. विडी घरकुलातली सातवीतली पोरगी रोज संध्याकाळी मैदानावर पळतीय, ओरडतीय, टीममधे तिला जागा आहे, हे घालवायचं नाही.

हेडर मात्र थांबवायचे. साठून होणारं नुकसान पक्कं सिद्ध झालंय असं म्हणता येणार नाही, माणसाच्या आयुष्यात शंभर कारणं असतात, पण खुणा सगळ्या एकाच दिशेला जातायत. २०१६ ला स्टर्लिंग विद्यापीठात १९ खेळाडूंना कॉर्नरसारखे २० बॉल हेड करायला लावले आणि लगेच परीक्षा घेतली तर स्मरणशक्तीच्या चाचणीत ४१ ते ६७ टक्के घसरण, २४ तासांत परत ठीक झालं. न्यूयॉर्कच्या डॉक्टर लिप्टन यांनी २०१३ मधे हौशी खेळाडूंचे स्कॅन केले, वर्षाला साधारण ८८५ ते १५५० हेडरच्या वर गेलेल्यांच्या मेंदूच्या तंतूंमधे बदल दिसले. आणि २०१८ मधे त्यांनी तेवढेच हेडर मारणाऱ्या ४९ बायका आणि ४९ पुरुष समोरासमोर ठेवले, बायकांच्या मेंदूत बदललेला भाग जवळजवळ पाच पट निघाला. त्यांना त्रास काही होत नव्हता हे लगेच सांगते, स्कॅनवरचा बदल म्हणजे आजार नव्हे. पण मुलीचा बाप म्हणून हे तुम्हाला माहीत असावं. मुलींची मान बारीक, स्नायू कमी, बॉल लागल्यावर डोकं जास्त हलतं हे त्याचं एक कारण असावं असं मानतात. आणि बारा वर्षांच्या पोराचं, मुलगा असो की मुलगी, डोकं अंगाच्या मानाने मोठं, मान अजून कच्ची, मेंदू अजून घडतोय.

म्हणूनच अमेरिकेत २०१५ मधे १० वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडर बंद केले, ११ ते १३ ला प्रॅक्टिसमधे आठवड्याला १५-२० च्या वर नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडने २०२० मधे प्राथमिक शाळेच्या वयाला प्रॅक्टिसमधले हेडर काढून टाकले, आणि २०२१ पासून इंग्लंडच्या मोठ्या पगारी खेळाडूंनासुद्धा प्रॅक्टिसमधे जोरातले हेडर आठवड्याला १० असं बांधून दिलंय. तुमच्या सरांना एवढा एकच आकडा सांगा. प्रीमियर लीगच्या डिफेंडरला आठवड्याला १०, आणि आपल्या सातवीतल्या पोरीला रोज ३० अधिक कॉर्नर वेगळे.

"मीच नुकसान केलं का" असं विचारलंत. मी हिशेब मांडला, आठवड्याचे सहा दिवस धरले तरी वर्षाला नऊ हजाराच्या वर जातात, आकडा मोठा आहे, लपवत नाही. पण झटका किती बसतो ते बॉल किती वेगाने येतोय त्यावर आहे. दोरीला टांगलेला बॉल जागेवर असतो, पोरगी त्याला जाऊन टेकते, त्यात आणि वीस-तीस मीटरवरून मोठ्या माणसाने लाथाडलेला कॉर्नर अंगावर घेण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंग्लंडचा तो १० चा नियमसुद्धा लांबच्या पासचे, क्रॉसचे, कॉर्नरचे हेडर धरून आहे. तुमची दोरी म्हणजे या सगळ्यातला सगळ्यात हलका भाग. शिवाय तुम्ही तिला कपाळाने मारायला, डोळे उघडे ठेवायला, मान घट्ट धरायला शिकवलंत, टाळूवर घेणाऱ्या पोरांपेक्षा ती बरीच सुरक्षित खेळलीय. फुटबॉलचं नाव नसलेल्या गल्लीत एक बाप लूमवरची शिफ्ट करून येऊन लेकीसाठी बॉल टांगतो, यात अपराध कुठला आला ओ. काल माहीत नव्हतं, आज कळलंय, आज थांबवा, झालं.

दोरी काढू नका, लांब करा. बॉल घोट्याच्या उंचीवर आणा, दोन्ही पायांनी मारू दे, मांडीच्या उंचीवर आणा, मांडीवर घेऊ दे. हेडरची सवय मोडायला नको असं वाटत असेल तर फुगा घ्या, गड्ड्याच्या जत्रेत मिळतो तसला प्लॅस्टिकचा हलका मोठा बॉल घ्या, उडी कधी मारायची, बॉलखाली कसं यायचं, हे सगळं त्याच्यावर शिकता येतं, डोक्याला काही होत नाही. खरा बॉल तेरा-चौदाव्या वर्षानंतर, तोही मोजून. हे अर्थात ती या हादऱ्यातून पूर्ण बरी झाल्यावर.

बॉलचं पण बघा. १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचा बॉल, ३५० ते ३९० ग्रॅमचा. बऱ्याच शाळांत एकच ५ नंबरचा असतो, ४१० ते ४५० ग्रॅमचा, आणि तो दगडासारखा टणक होईपर्यंत हवा भरतात. हवा नियमातल्या खालच्या हद्दीला ठेवली तरी दणका कमी बसतो. पावसात भिजून जड झालेला, शिवण उसवलेला बॉल बाजूला टाकायचा.

पट्टा घेऊ नका. अमेरिकेत २,७०० च्या वर शाळकरी खेळाडूंवर बघितलं, पट्टा घातलेल्यांना आणि न घातलेल्यांना कन्कशन सारखंच झालं. डोकं फुटू नये, खरचटू नये म्हणून थोडा उपयोग होत असेल, पण मेंदू आत हलतो तो पट्ट्याने थांबत नाही, उलट पट्टा आहे म्हणून पोरं बिनधास्त डोकं घालतील अशी भीती असते. त्या पैशात ४ नंबरचा बॉल येईल. ती पूर्ण बरी झाली आणि डॉक्टर हो म्हणाले की मानेचे व्यायाम सुरू करा, कपाळाला स्वतःचा तळवा लावून ढकलायचं आणि मान हलू द्यायची नाही, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, दहा-दहा सेकंद. फुकट आहे.

सरांशी भांडू नका. तरुण पोरगा आहे, पगार नसल्यासारखाच, संध्याकाळी येऊन वस्तीतल्या पोरींना शिकवतोय, अशी माणसं सांभाळायची असतात. त्याला सांगा की स्टॉपरचं खरं काम बॉल पडायच्या आधी तिथे पोचणं आहे, छातीवर घेणं, टप्पा पडू देऊन क्लिअर करणं, पुढच्या पोरीला आवाज देणं. या वयाच्या पोरींच्या मॅचमधे बॉल बराच वेळ जमिनीवरच असतो. कॉर्नर घ्यायचेच असतील तर शॉर्ट घ्या, जमिनीवरून. तो ऐकेल असं वाटतं मला, नाही ऐकला तर हे पान कापून त्याला द्या.

फोनवर शेवटी तिने तुमच्या हातातून मोबाईल घेतला होता आणि मला विचारलं, "मॅडम, मग मी कीपर होऊ का?" मी गडबडीत नंतर सांगते म्हटलं, तर बाळा, हे तुझ्यासाठी. कीपरला हेडर नसतात हे खरंय, पण कीपर समोरच्याच्या पायात डोकं घालते, पोस्टवर आपटते, म्हणून भीतीने कीपर होऊ नकोस. हातात बॉल धरायला आवडत असेल तर हो, नाहीतर स्टॉपरच राहा, पायाने. मॅच चुकली तरी बाबांबरोबर जाऊन बस आणि आपल्या डिफेन्समधे जागा कुठे सुटतीय ते बघून सरांना सांग. डोकं दुखायचं पूर्ण थांबलं का ते बाबांना खरं खरं सांगायचं, खेळायला मिळावं म्हणून लपवायचं नाही. २१ दिवस झाले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मला फोन कर.